कवच वजा जाता

नागपूरच्या इतवारीत सराफ्याच्या पेढीवर दागिन्याचे वजन खडे वजा करून धरले जाते. कासवपालनाची तरफदारी करणाऱ्यांनी हा साधा व्यवहार ध्यानात घेतलेला दिसत नाही. कासवे तळ्यात वाढवून विकू द्यावीत, म्हणजे नदी-तलावांतील शिकार थांबेल, असा युक्तिवाद अधूनमधून होतो आणि दाखला चीनचा दिला जातो. तेथे हा धंदा प्रचंड आहे, हे खरे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षाला सुमारे 30 कोटी कासवांची विक्री नोंदली गेली.

पण तेथील मुख्य जात मऊ पाठीची. तिच्या कवचाच्या कडेची चिवट कातडीही खाल्ली जाते. कठीण पाठीच्या कासवात कवच, आतडी आणि डोके वजा जाता हाती लागणारे मांस जिवंत वजनाच्या निम्मेही भरत नाही. शिवाय उबदार, बंदिस्त हौदांत वर्षभरात अर्ध्या किलोच्या घरात जाणारे पिल्लू उघड्या तळ्यात तीन-चार वर्षे घेते. आणि त्याला पोसायचे ते मासळीच्या कुटावर! भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत कटला चांगला पोसला तर वर्षात किलोभर भरतो, हे तेथील ढिवरांना कोणी शिकवावे लागत नाही. मासळी खर्चून तिच्याहून कमी मांस काढण्याचा हा उद्योग कोणत्या हिशेबात बसतो?

विदर्भातील तलावांत सर्रास आढळणारे, मागचे पाय कातडी झडपांखाली लपविणारे कासव तर लहानखुरेच; त्याची पाठ बहुधा फुटाच्या आत राहते. त्यात मादी नराहून मोठी. वजनाला भाव आला की मोठे जनावर आधी उचलले जाते, म्हणजे अंडी घालणारी मादीच प्रथम जाते. चीनमधील पालकही पैदाशीसाठी रानटी कासवे विकत घेत राहिले, कारण हौदातल्या पिढ्यांची प्रजननशक्ती घटत जाते. माशांचे तसे नाही. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले आणि मत्स्यबीजासाठी नदीकडे पाहण्याची गरज सरत गेली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे झडपांचे कासव आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. पालनाला मुभा दिल्यास बाजारात आलेले जनावर हौदातले की तलावातले, हे वनरक्षकाने कशावरून ओळखावे? मालगुजारी तलावांतील गाळ काढावा आणि ढिवरांच्या सहकारी संस्थांना बीज वेळेवर द्यावे, ही मागणी मात्र जुनीच आहे.