पत्रिकेवरची हळद आणि पेशीतली चिठ्ठी

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना आपण हळदकुंकू लावतो. आता ती पत्रिका कुणाला वहीत उतरवून घ्यायला सांगा. अक्षरं सगळी येतील, हळद येणार नाही. आज आम्ही शास्त्रज्ञांची अशीच एक अडचण सांगणार आहोत.

आपल्या पेशीत डीएनए असतो. तो म्हणजे जपून ठेवलेली मूळ वही. हवं तेवढंच पान उतरवून पेशी एक चिठ्ठी बनवते. तिला मेसेंजर आरएनए म्हणतात, म्हणजे निरोप नेणारा आरएनए. चिठ्ठी वाचून प्रथिनं तयार होतात आणि काम झालं की पेशी चिठ्ठी मोडून टाकते.

चिठ्ठीत चारच अक्षरं असतात: ए, यू, जी, सी. काही अक्षरांवर पेशी स्वतः बारीक रासायनिक खूण लावते. ए अक्षरावरच्या अशा एका खुणेला एम-सिक्स-ए म्हणतात. ही खूण असली की काही चिठ्ठ्या लवकर मोडल्या जातात. म्हणजे कोणतं प्रथिन किती बनणार, हे खुणेवरही ठरतं.

मेसेंजर आरएनएवर ही खूण १९७४ साली सापडली. पण ती कोणत्या चिठ्ठीत, कुठे आहे, याचा नकाशा व्हायला २०१२ साल उजाडलं. कारण आरएनए वाचताना आधी त्याची डीएनएमध्ये नक्कल करतात आणि मग नक्कल यंत्रात वाचतात. या वाचनाला सिक्वेन्सिंग म्हणतात. नकलेत अक्षरं येतात, खूण राहून जाते.

इस्रायल आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी यावर सारखीच युक्ती काढली. चिठ्ठ्यांचे साधारण शंभर अक्षरांचे तुकडे केले. फक्त खूण असलेल्या तुकड्याला चिकटणारी प्रतिपिंडं त्यात सोडली आणि तेवढेच तुकडे वेचून घेतले, जसं सुपातून खडे वेचावेत. मग ते वाचले आणि कोणता तुकडा कोणत्या चिठ्ठीतला, हे संगणकावर जुळवलं. जिथे तुकड्यांची रास पडली, तिथे खूण. माणसाच्या ७,००० हून अधिक जनुकांच्या चिठ्ठ्यांत खुणा निघाल्या. प्रथिनाचा मजकूर संपतो त्या जागेजवळ त्या जास्त होत्या.

या पद्धतीने गल्ली कळते, नेमकं घर कळत नाही. म्हणून आता दुसरी रीतही वापरतात. नक्कल न करता मूळ चिठ्ठीच अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतात. प्रत्येक अक्षरागणिक विजेचा प्रवाह बदलतो. खूण असलेलं अक्षर आलं की तो वेगळा बदलतो.

याचा आपल्याला काय उपयोग? कोविडच्या काळात अमेरिका-युरोपात फायझर आणि मॉडर्नाच्या लसी दिल्या, त्या अशा चिठ्ठीच्याच होत्या. आपल्याकडची कोव्हिशील्ड वेगळ्या पद्धतीची. प्रयोगशाळेत बनवलेली साधी चिठ्ठी टोचली तर शरीर तिला परकी समजून सूज आणतं. यू अक्षरात बारीक बदल केला तर हे टळतं, असं कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ साली दाखवलं. त्यासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं.

रक्ताच्या एका कर्करोगात एम-सिक्स-ए लावणारं प्रथिन वाढलेलं आढळतं. त्याला अडवणाऱ्या औषधांचा अभ्यास चालू आहे. खुणांची ही तपासणी मात्र अजून संशोधनासाठीच होते, रोगनिदानासाठी नाही. कुणी तिच्या नावाने पैसे मागितले, तर आधी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा.

गटाच्या बैठकीत एक करून पाहा. चार ओळींच्या चिठ्ठीत एका शब्दाला हळद लावा आणि ती न दाखवता, नुसती वाचून दुसरीला लिहून घ्यायला सांगा. नक्कल हातात आली की विचारा, हळद कुठे होती?