आवाज गेलेल्या माणसाचा हिशेब

सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. ते मौन त्यांनी स्वतः निवडलेले होते. त्या दिवशी कागदावर लिहिलेला त्यांचा शब्दही मानला जाई. त्याच गावात १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या कस्तुरबा रुग्णालयात घसा बसला म्हणून येणाऱ्या माणसाचे मौन मात्र त्याने निवडलेले नसते.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते पुरुषांत सेकंदाला सुमारे शंभर, स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. सतत ओरडून बोलावे लागले की हा मार वाढतो, सूज येते, गाठी धरतात आणि आवाज घोगरा होतो. अशा गाठी बहुधा विश्रांतीने व वाचोपचाराने बऱ्या होतात. पण बिडी ओढणाऱ्याचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर तो कर्करोगही असू शकतो. तेव्हा घसा तपासून घेतलाच पाहिजे.

प्रश्न विश्रांतीचा आहे. आठवडी बाजारात ओरडून भाजी विकणारी बाई, साठ मुलांना शिकविणारा मास्तर, जयंतीच्या रात्री गाणारा शाहीर, यांनी पंधरा दिवस बोलायचे नाही म्हणजे खायचे काय? घोगऱ्या माणसाला लोक प्यालेला समजतात. मुलाखतीत तो भित्रा ठरतो. एकच वाक्य तीनदा सांगून तो थकतो, सभेत मागे बसू लागतो, पुढे येईनासाच होतो.

आपल्याला हे नवे नाही. गावगाड्यात दवंडी देणे हे महाराचे काम होते. गळा त्याचा, शब्द गावाचा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला आणि शब्दही आपला झाला. वाचता न येणाऱ्यांपर्यंत तो शब्द जलशांतल्या गळ्यांनी नेला. त्या गळ्यांचे पुढे काय झाले, हे आपण कधी विचारले?

कायद्याने तरी विचारले काय? १९९५ च्या अपंग कायद्यात वाचादोषाला जागाच नव्हती. २०१६ च्या कायद्याने ‘वाचा व भाषा अपंगत्व’ मान्य केले. शस्त्रक्रियेने स्वरयंत्र काढलेला माणूस त्यात येतो. परंतु याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ज्या अपंगत्वांसाठी चार टक्के जागा राखल्या, त्यांत हे नाही. दाखला आहे, जागा नाही! आणि गाठी आलेल्या भाजीवालीला दाखलाही नाही, कारण तिचे दुखणे कायमचे नाही. पोलंडमध्ये शिकवून शिकवून बिघडलेला शिक्षकाचा आवाज व्यावसायिक रोग मानला जातो. म्हणजे हे अशक्य नाही.

राखीव जागा, मोठ्या वर्गात ध्वनिक्षेपक, उपचाराच्या दिवसांची मजुरी, या मागण्या आपण केल्याच पाहिजेत. पण त्याआधी आपल्याच सभेत मागे बसलेल्या त्या माणसाला पुढे बोलवावे, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे.