खेळाच्या ग्रंथांतील दुष्ट योनी : राक्षस, नाग आणि गाकी

पालि आणि संस्कृत वाङ्मयातील शब्द भारताबाहेर कोठवर पोहोचले, याचा शोध घेताना अभ्यासक साधारणतः श्रीलंका, ब्रह्मदेश, तिबेट, चीन आणि जपान येथवर जाऊन थांबतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी काही शब्द एका सर्वस्वी निराळ्या मार्गाने अमेरिकेत गेले. तो मार्ग म्हणजे तरुणांचा एक खेळ. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. या खेळाच्या ग्रंथांत राक्षस आहेत, नाग आहेत आणि जपानी नाव धारण केलेला आपला पेत, म्हणजे प्रेत, हाही आहे. ड्रॅगन, ऑर्क इत्यादी प्रसिद्ध प्राण्यांच्या गर्दीत या तिघांकडे खेळणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही आणि धम्माच्या अभ्यासकांचे तर मुळीच गेलेले नाही. मुलांच्या खेळाला इतके महत्त्व कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. एखादा जीव जन्मामुळेच दुष्ट ठरतो काय, हा प्रश्न हा खेळ नकळत उपस्थित करतो. म्हणून आम्ही तो विचारात घेत आहोत.

खेळाचे स्वरूप

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. चारपाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर प्रत्येक जण योद्धा, मांत्रिक, चोर अशी एकेक भूमिका घेतो आणि आपण काय करणार ते बोलून दाखवितो. कृती साधली की फसली, हे फासे टाकून ठरते.

वाटेत भेटणाऱ्या प्राण्यांची माहिती सूत्रधाराजवळच्या ग्रंथांत दिलेली असते. १९७७ साली निघालेला ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा त्यांतील प्रमुख कोश होय. त्यात प्रत्येक प्राण्याचे बळ व आयुधे यांबरोबर त्याचा ‘अलाइनमेंट’, म्हणजे नैतिक कल, नोंदविलेला असतो. मूळ नियमांत असे तीनच कल होते : नियम, तटस्थता आणि अनागोंदी. पुढे त्यांना सुष्ट व दुष्ट या भेदाची जोड मिळून नऊ प्रकार झाले. यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाडू आपल्या पात्राचा कल स्वतः निवडतो. प्राण्याचा कल मात्र त्याच्या जातीच्या नावापुढे आधीच छापलेला असतो. आमच्या विवेचनाचा गाभा या एका नोंदीत आहे.

राक्षस

राक्षस या खेळात १९७५ सालीच आला. खेळाच्या प्रकाशकांच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याची प्रथम नोंद झाली. गायगॅक्स यांना ही कल्पना रामायणावरून सुचलेली नव्हती. ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या डिसेंबर १९७४ मधील एका भागात बळीच्या विश्वासातील माणसाचे रूप घेणारा राक्षस दाखविला होता, त्यावरून ती सुचली. मंत्रवलेल्या बाणाने राक्षस मरतो हा खेळातील नियमही तेथूनच आला. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचे तोंड, उंची झगा आणि हातात धूम्रपानाची नळी दिली, आणि तेच रूप रूढ झाले. २०१४ च्या आवृत्तीत तर तो नरकातून आलेला सैतानी जीव आहे; मारला गेला तरी त्याचे सत्त्व नरकात परतते आणि तो सूड उगविण्यासाठी पुन्हा येतो. म्हणजे मृत्यूनेही त्याचा स्वभाव पालटत नाही.

मायावी रूप घेऊन माणसे खाणारे जीव बौद्ध कथांतही आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलावदान चित्रित आहे. त्यातील राक्षसी सुंदर स्त्रियांची रूपे घेऊन जहाज फुटलेल्या व्यापाऱ्यांना भुलवितात आणि भक्षण करितात. त्या कथेत त्यांचे परिवर्तन होत नाही, पराभव होतो. आमच्या परंपरेतील प्रत्येक कथा करुणेतच संपते असा दावा म्हणूनच करता येणार नाही.

परंतु दुसऱ्या लेण्यात गेल्यावर हारीती दिसते. ही राजगृहातील यक्षिणी. नगरातील बालके पळवून ती खात असे. तिला स्वतःची पाचशे मुले होती. भगवान बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपविले. ती शोक करीत आली, तेव्हा पाचशेंपैकी एक हरपले तर तुझी ही दशा, मग ज्यांना एकदोनच होती त्यांचे काय झाले असेल, असे त्यांनी तिला विचारले. हारीतीने हिंसा सोडली. मग माझी मुले खातील काय, हा तिचा प्रश्न उरला. त्यावर भिक्षुसंघाने तिला नित्य अन्न देण्याचे ठरले. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने विहारांत तिच्या प्रतिमेपुढे अन्न ठेवण्याची प्रथा नोंदविली आहे. अजिंठ्याच्या त्या गाभाऱ्यात ती पांचिकासह मांडीवर मूल घेऊन बसली आहे. तिची भूक खरी होती, हे येथे मान्य केले गेले. त्या भुकेची वेगळी सोय झाली आणि बालकांची भक्षक बालकांची रक्षक झाली. खेळाच्या कोशातील राक्षसाला असा प्रसंग कधी लाभत नाही.

नाग

नागांच्या बाबतीत खेळाने थोडा अधिक विवेक दाखविला आहे. तेथे रक्षक नाग सुष्ट, जलनाग तटस्थ आणि ‘स्पिरिट नागा’ नावाचा नाग दुष्ट, असे प्रकार आहेत. परंतु हा विवेकही जातवारीच ठरला. रक्षक नाग जन्माने सुष्ट आणि दुसरा जन्माने दुष्ट. एका नागाच्या मनात दोन्ही शक्यता असू शकतात, याला तेथे वाव नाही.

विनयपिटकाच्या महावग्गातील एक कथा येथे आठवते. आपल्या नागयोनीला कंटाळलेला एक नाग तरुणाचे रूप घेऊन भिक्षू झाला. झोपेत त्याचे मूळ रूप उघड झाले. भगवंतांनी त्याला संघात राहू दिले नाही. पण उपोसथ पाळ, म्हणजे तू त्या योनीतून मुक्त होऊन मनुष्यत्व पावशील, असा मार्ग त्याला दाखविला. मर्यादा सांगितली गेली आणि मार्गही दिला गेला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चित्रित झालेल्या चम्पेय्य जातकात तर स्वतः बोधिसत्त्वच नागराज आहे आणि गारुड्याच्या हाती सापडूनही तो क्रोध करीत नाही.

गाकी

या तिघांत सर्वांत दुर्लक्षित आहे तो गाकी. तो १९८५ च्या ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ या ग्रंथात येतो. पालि ‘पेत’, संस्कृत ‘प्रेत’. चिनी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘भुकेले भूत’ या अर्थाचा शब्द योजला आणि त्याचाच जपानी उच्चार ‘गाकी’. सद्धर्मस्मृत्युपस्थान सूत्राचे सहाव्या शतकात चिनी भाषांतर झाले. त्यात प्रेतांचे छत्तीस प्रकार वर्णिले आहेत. खेळाने चारच घेतले. त्यांत एक रक्त पिणारा, एक मांस खाणारा आणि एक रोग पसरविणारा आहे. पूर्वजन्मीच्या दुष्कर्माची शिक्षा म्हणून ही दशा आली, हेही ग्रंथात सांगितले आहे. म्हणजे कर्मसिद्धान्ताचा अर्धा भाग खेळात शिरला. उरलेला अर्धा भाग राहून गेला, आणि तोच महत्त्वाचा आहे.

खुद्दकनिकायातील पेतवत्थूत ५१ कथा आहेत. त्यांतील पेत भेटणाऱ्याला आपली दशा सांगतो, आपले पूर्वीचे कृत्य कबूल करतो आणि बहुधा साहाय्य मागतो. तिरोकुड्ड या प्रकरणावरील अट्ठकथा सांगते की, राजा बिम्बिसाराचे पूर्वजन्मीचे नातलग पेत होऊन आशेने वाट पाहत होते. राजाने बुद्धप्रमुख संघाला दान दिले, पण त्यांची आठवण ठेवली नाही. त्या रात्री राजवाड्यात भयंकर आक्रोश ऐकू आला. भयभीत राजाने भगवंतांना विचारले, तेव्हा तो आक्रोश कोणाचा हे त्याला कळले. दुसऱ्या दिवशी त्याने दान देऊन त्याचे पुण्य त्या नातलगांना उद्देशून अर्पण केले आणि त्यांना अन्न, पेय व वस्त्रे लाभली. ज्याला आपण शत्रूची आरोळी समजलो, ती उपाशी आप्ताची हाक होती! जपानमध्ये गाकींना अन्न देण्याचा सेगाकी हा विधी आजही होतो, तो याच भावनेने. खेळातील गाकी समोर आला की खेळाडू तलवार उपसतो; त्याला काय हवे आहे, हे विचारावे असे नियम त्याला सुचवीत नाहीत.

खेळातच उठलेला प्रश्न

हा आक्षेप केवळ आमचाच आहे असे नव्हे. खेळणाऱ्यांतूनही तो वारंवार घेतला गेला. १९९७ पासून हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे आहे. तिने जून २०२० मध्ये एक निवेदन काढले. ऑर्क, ड्रो यांसारख्या संपूर्ण जमाती दुष्ट म्हणून रंगविण्याच्या जुन्या पद्धतीत प्रत्यक्ष जगातील मानवसमूहांच्या निंदेचे पडसाद उमटतात, हे तिने त्यात मान्य केले. २०२४ च्या नव्या ग्रंथात ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ हा शब्द योजण्यात आला, आणि ऑर्क हे खेळाडूने स्वतः घेण्याचे पात्र झाले. राक्षसाची नोंद मात्र अद्यापि दुष्ट अशीच आहे.

काल्पनिक राक्षसाला मारल्याने कोणाची हत्या होत नाही, हे उघड आहे. चांगल्यावाइटाच्या झुंजीत रंगणे हा बालमनाचा सहज धर्म आहे. तथापि जातीचे नाव कळताच चारित्र्य कळले, असे मानण्याची सवय मनाला कोठेतरी लागत असते, आणि तिचे परिणाम या देशाने खेळाच्या पटाबाहेर भोगले आहेत. सुत्तनिपातातील वसलसुत्ताने नीचत्व जन्मावरून ठरत नाही, कर्मावरून ठरते, असा निर्णय दिला तो याच सवयीविरुद्ध.

यासाठी खेळ टाकून देण्याचे कारण नाही. सूत्रधाराला नियम बदलण्याची मुभा या खेळात पहिल्यापासून आहे. आपल्या घरातील मुले हा खेळ खेळत असतील, तर त्यांना आम्ही एवढेच सुचवू : पुढच्या वेळी गाकी समोर येईल तेव्हा सूत्रधाराने त्याला बोलू द्यावे. तो कोणाचा नातलग होता, त्याने काय केले आणि त्याच्या नावाने कोणी अन्नदान करावे, हे खेळाडूंनी शोधून काढावे. फासे तेच राहतील. कोशातील एका ओळीऐवजी त्या जिवाची हकीकत ऐकून निर्णय होईल.