रशियन अवघड खरी. पण कोणाच्या मापाने?

परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने रशियनचे नाव काढले की, 'ती फार अवघड, त्यापेक्षा फ्रेंच घे' हा सल्ला त्याला हमखास ऐकावा लागतो. सल्ला देणाऱ्याला बहुधा या दोहोंपैकी एकही भाषा येत नसते. तथापि ही समजूत अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची, आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकविणारी एक संस्था आहे. दीर्घ अनुभवावरून तिने जगातील भाषांची प्रतवारी लावली आहे. या प्रतवारीनुसार कामकाजापुरते प्रभुत्व मिळविण्यास फ्रेंच अथवा स्पॅनिशला सुमारे ३० आठवडे लागतात, जर्मनला ३६, रशियनला ४४, आणि अरबी, चिनी, जपानी व कोरियन यांना ८८. रशियनचे ४४ आठवडे म्हणजे वर्गातले सुमारे ११०० तास. हे आकडे जगभर उद्धृत केले जातात आणि रशियनच्या काठिण्यावर त्यांनी जणू सरकारी शिक्काच मारला आहे.

मात्र आकडे सांगताना दोन गोष्टी सहसा सांगावयाच्या राहून जातात. एक म्हणजे, हे माप इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिकाऊ माणसाचे आहे. त्यात रशियनची उंची मोजलेली नाही, तिचे इंग्रजीपासूनचे अंतर मोजले आहे. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्या गटात रशियन बसविली आहे, त्याच गटात हिंदी, बंगाली, नेपाळी व तमिळ याही आहेत. अमेरिकन अधिकाऱ्याला रशियनइतकीच कठीण जाणारी हिंदी मराठी मुलगा चित्रपट पाहता पाहता, कोणत्याही वर्गात न बसता बोलू लागतो. तेव्हा रशियन शिकण्यापूर्वीच मराठी विद्यार्थ्याच्या मनात जी धास्ती बसते, तिच्यातला बराच भाग उसना आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सोव्हिएत संघाचे १९९१ मध्ये विघटन झाले, मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त आणि सुबक पुस्तकांचा ओघ आटला आणि रशियनकडे वळण्याचे एक मोठे निमित्त नाहीसे झाले. आज निमित्त निराळे आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाची वाट धरणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही आहेत. परदेशातील हे शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच झाले पाहिजे, असा भारतातील राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१ पासूनचा नियम आहे. परंतु रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या बाईला हा नियम ठाऊक नसतो. तिचे कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे रशियनमध्येच विचारावे लागते. अशा विद्यार्थ्याला 'भाषा अवघड आहे' एवढेच सांगून भागत नाही. कोठे अवघड आहे आणि कोठे नाही, हे त्याला आधी कळले पाहिजे.

पहिला धक्का लिपीचा, आणि तो सर्वांत फसवा. रशियन लिपीत ३३ अक्षरे आहेत. त्यांतली काही रोमनसारखी दिसतात पण तशी वाचावयाची नसतात. 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' असते, 'एच'सारखे दिसणारे 'न', 'सी'सारखे दिसणारे 'स'. त्यामुळे उपाहारगृहावरची 'रेस्तोरान' ही पाटी नवखा माणूस 'पेक्टोपाह' अशी वाचतो. हा गोंधळ काही दिवस टिकतो, महिने नव्हे. देवनागरी, जोडाक्षरे आणि रोमन इतके पचविलेल्या मुलाला आणखी ३३ अक्षरांचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट एका बाबतीत रशियन लिपी मराठीहून प्रामाणिक आहे. 'चाक' आणि 'चार' यांतले दोन निराळे उच्चार आपण एकाच 'च'ने भागवतो. रशियनमध्ये त्यांच्यासारख्या दोन ध्वनींना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. इंग्रज विद्यार्थ्याला 'त्सार' या शब्दाचा प्रारंभ जिभेवर आणण्यास प्रयास पडतात. मराठी माणूस तो ध्वनी रोज उच्चारतो.

खरी गंमत वाक्यरचनेत आहे. 'मला थंडी वाजते' हे इंग्रजीत सांगताना 'मी' कर्ता होतो. रशियन माणूस मात्र 'म्न्ये खोलदना' म्हणतो, आणि 'म्न्ये' म्हणजे शब्दशः 'मला'. आवडणे, हवे असणे, वाईट वाटणे या सर्व ठिकाणी अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत उभा राहतो, थेट मराठीसारखा. एवढेच नव्हे, तर 'मला ग्रंथ हवा, मला वही हवी, मला पुस्तक हवे' असे 'हवा' हे पद जसे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते, तसे रशियनमध्येही 'नूझेन, नुझ्ना, नूझ्न' असे बदलते. 'माझ्याकडे पुस्तक आहे' यासाठी इंग्रजीत एक स्वतंत्र क्रियापद आहे. रशियन 'उ मिन्या येस्त्य क्नीगा' म्हणते, म्हणजे 'माझ्यापाशी आहे पुस्तक'. 'तो शिक्षक' असे क्रियापद गाळून बोलता येते. इंग्रजीतील उपपदांचा जाच तर नाहीच. 'मी पडलो' आणि 'मी पडले' यांवरून बोलणारा पुरुष की स्त्री हे मराठीत कळते. रशियनमध्ये 'या उपाल' आणि 'या उपाला' यांवरून तेच कळते. (दोन्हीकडच्या या 'ल'कारावरून कोणी घाईने नाते जुळवू नये, ते दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत.) 'झाड पाहतो' पण 'मुलाला पाहतो' हा सजीव-निर्जीव भेदही रशियन व्याकरणात आहे, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत तो समजावून देण्यासाठी बरीच जागा खर्ची पडते. मोठ्या माणसाला नाव आणि वडिलांचे नाव जोडून हाक मारण्याची रीतही, 'गोपाळ गणेश आगरकर' असे नाव लिहिणाऱ्या समाजाला समजण्यास कठीण जाऊ नये.

मग विभक्तीचे काय? सहा विभक्त्या ऐकून इंग्रजीभाषक गारठतो. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या आणि संस्कृतचा 'देव' सात विभक्त्या व संबोधनात चालविलेल्या मुलाला सहाचा आकडा मोठा वाटू नये. पण येथे सावध राहावे. मराठीत एकदा सामान्यरूप साधले की 'ला', 'ने', 'चा' हे प्रत्यय बव्हंशी सर्व नामांना सारखेच लागतात. रशियनमध्ये लिंग, वचन आणि विभक्ती हे तिन्ही एकाच शेवटात वितळून गेलेले असतात, आणि विशेषणही नामाबरोबर प्रत्येक विभक्तीत चालते. म्हणजे या बाबतीत तिची ठेवण मराठीपेक्षा संस्कृतला जवळची आहे. लिंगाचे म्हणाल तर रशियनमध्ये तीन असूनही शब्दाच्या शेवटावरून ते बहुधा ओळखता येते. मराठी शिकणाऱ्या परक्याच्या नशिबी एवढेही सुख नसते. खरा छळ संख्यांचा आहे. दोन, तीन, चार यांच्यापुढे नाम षष्ठीच्या एकवचनात येते, पाचापासून पुढे षष्ठीच्या अनेकवचनात, आणि एकवीस टेबले असतील तर 'टेबल' पुन्हा प्रथमेच्या एकवचनात! हिशेबनीसाचा अंत पाहणारा हा नियम कोणत्याही मातृभाषेच्या साहाय्याने सुटत नाही. तो पाठच करावा लागतो.

संस्कृतचा उल्लेख निघाला म्हणून आणखी एक. 'रशियन ही संस्कृतची कन्या' असे अभिमानाने सांगणारे लोक आढळतात. तसे नाही; दोन्ही भाषा एका प्राचीन मुळाच्या दूरदूरच्या शाखा आहेत. 'द्वा, त्री, देस्यत्य, स्तो', भावाला 'ब्रात', दाराला 'द्वेर', विधवेला 'वदवा', दिराला 'देवेर' हे शब्द पाहून आनंद होतो, आणि तो व्हावाही. पण अशा नातलगांच्या भरवशावर रशियन वर्तमानपत्राचा एक परिच्छेदही उलगडत नाही.

रशियनचे खरे चढ तीन आहेत, आणि त्यांची चर्चा विभक्तींच्या मानाने कमी होते. शब्दातील आघात कोठे पडेल याला ठाम नियम नाही, छापील मजकुरात तो दाखवीत नाहीत, आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो: 'झामक' म्हणजे किल्ला, 'झमोक' म्हणजे कुलूप, लिहावयाचे मात्र एकसारखे. शिवाय आघात नसलेला 'ओ' हा 'अ'कडे झुकतो. दुधाला लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलाको'. मराठीत अर्थ बदलणारा आघात नसल्याने आपला कान येथे अगदी कोरा असतो. त्यातच मृदू आणि कठोर व्यंजनांचा भेद. 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि 'ब्रात्य' म्हणजे घेणे, पण हा 'त्य' आपला जोडाक्षरी 'त्य' नव्हे. जीभ टाळूकडे जेमतेम उचलली जाते.

दुसरा चढ क्रियापदांच्या जोड्यांचा. बहुतेक प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदे, एक चालू अथवा वारंवार होणाऱ्या क्रियेचे, दुसरे पुरी झालेल्या क्रियेचे. 'रेशाल' म्हणजे गणित सोडवीत होता, 'रेशिल' म्हणजे सोडविले. मराठीत 'वाचत होतो' आणि 'वाचून काढले' यांतला फरक जाणवणाऱ्याला हे तत्त्व परके नाही. परंतु मराठीत ही निवड पुष्कळदा ऐच्छिक असते, रशियनमध्ये प्रत्येक वाक्यात ती सक्तीची आहे, आणि जोडी कशी बनते याचे नियम अपुरे आहेत.

तिसरा चढ 'जाणे' या साध्या क्रियेचा. पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांची क्रियापदे वेगळी, त्यांतही आता एका दिशेने निघालेल्याचे वेगळे आणि नेहमी ये-जा करणाऱ्याचे वेगळे. त्यांना पुन्हा उपसर्ग लागून आत येणे, बाहेर पडणे, निघून जाणे असे अर्थ होतात. आहार, विहार, प्रहार, संहार ही मालिका ज्याने संस्कृतच्या तासाला ऐकली आहे, त्याला उपसर्गांची करामत नवी वाटणार नाही. पण बोलता बोलता योग्य शब्द तोंडी येण्यास वर्षे जातात.

इतर भाषांशी ताडून पाहिले तरी हेच दिसते की, काठिण्य हे शिकणाऱ्याच्या घरापासून मोजावे लागते. अमेरिकन माणसाला सर्वांत दुर्घट वाटणाऱ्या जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि शब्दयोगी अव्ययासारखी पदे नामाच्या मागून लागतात, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला तिची रचना चटकन पटते; त्याला अडविते ती लिपी, नित्य वापराची म्हणून जपान सरकारने २०१० मध्ये ठरविलेली २१३६ चित्राक्षरे. फ्रेंचमध्ये लिहिलेले आणि ऐकलेले यांत मोठी तफावत. जर्मनचा शब्दसंग्रह इंग्रजीमुळे थोडा ओळखीचा, पण नामांचे लिंग ओळखणे रशियनहून कितीतरी बेभरवशाचे. रशियन या सर्वांत सोपी नाही, पण अमेरिकन तक्त्यातील तिच्या आणि फ्रेंचच्या आकड्यांतील दरी मराठी माणसासाठी तेवढी रुंद नाही.

असे असता, मराठी मुलांच्या हाती रशियनसाठी सहसा पडते ते इंग्रजीच्या अंगाने लिहिलेले पुस्तक. त्यात 'मला थंडी वाजते' ही रचना विशेष वाक्प्रचार म्हणून येते, 'माझ्याकडे आहे' हा अपवाद म्हणून येतो, उपपदे नसणे ही उणीव म्हणून समजावली जाते. विद्यार्थी मराठी विसरून आधी इंग्रज होतो आणि मग इंग्रजाच्या अडचणी स्वतःच्या समजून सोडवीत बसतो. पुणे व मुंबई या विद्यापीठांत रशियन शिकविली जाते. तेथील अथवा अन्यत्रच्या शिक्षकाने पहिले चार-सहा आठवडे फळ्यावर रशियन वाक्याशेजारी मराठी वाक्य लिहिले, तर 'म्न्ये', 'उ मिन्या' आणि 'नूझेन-नुझ्ना' यांचे प्रकरण काही तासांत आटपेल आणि वाचलेला वेळ क्रियापदांच्या जोड्यांना देता येईल. उच्चारासाठी देवनागरीचा उपयोग रोमनहून अधिक चांगला होईल यातही शंका नाही. आघाताची खूण मात्र देवनागरीतही नाही. ती प्रत्येक शब्दावर शिक्षकालाच खडूने द्यावी लागेल.