बोटावरची शाई आणि शिक्षकाची जागा

शाळांविषयीचे शासन निर्णय वाचत बसण्याचा नाद मला फार जुना आहे. ‘वाचा’, ‘प्रस्तावना’, ‘शासन निर्णय’ या ठरलेल्या मांडणीत माणसाचं नाव क्वचितच येतं, पण एखाद्या परिच्छेदाने हजारो घरांची चूल ठरते. महाराष्ट्रातल्या शिक्षकभरतीची चर्चा बहुधा रिक्त पदांच्या आकड्यापासून सुरू होते. माझ्या मते ती ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांपासून सुरू व्हायला हवी.

त्या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. नांदेडला जिल्हाधिकारी असताना श्रीकर परदेशी यांनी हा प्रयोग आधी करून दाखवला होता. महसूल खात्याची माणसं शाळाशाळांत गेली आणि मुलं मोजली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदारासारखी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. पटावरची लाखो नावं वर्गात सापडली नाहीत.

नावं खोटी का होती, हे उघड आहे. पटावरून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर ते, ठरते, संचमान्यतेवरून पदं मिळतात आणि पदांवर वेतन अनुदान येतं. पट फुगवला की पद वाढतं आणि पद वाढलं की नेमणूक करता येते. त्या नेमणुकीसाठी उमेदवाराच्या बापाने जमीन विकून संस्थेला ‘देणगी’ दिल्याच्या कहाण्या मराठवाडा-विदर्भातच काय, कोकणातही सांगितल्या जातात. त्याची पावती कुणाकडे नसते.

पटपडताळणीने चोरी पकडली, हे चांगलंच झालं. पण पट कोसळला तशी पदं कोसळली आणि त्या पदांवर काम करणारे हाडामांसाचे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. पट फुगवणारा संस्थाचालक खुर्चीवर राहिला. बी.एड. करून, रीतसर आदेश घेऊन शिकवणारी बाई मात्र समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याच्या, यादीत गेली.

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम १९७७ सालचा, तो १५ जुलै १९८१पासून लागू झाला. त्यातलं कलम ५ सांगतं की कायम जागा भरण्याआधी संस्थेने शिक्षणाधिकाऱ्याकडे अतिरिक्त कर्मचाऱ्यांची चौकशी करावी. योग्य माणूस यादीत असेल तर त्याला घ्यावं. नियम न्याय्य आहे. ज्याची जागा गेली त्याला आधी जागा, यात चुकीचं काय? तरीही समायोजनाचा आदेश घेऊन गेलेल्या शिक्षकाला अनेक संस्थांनी रुजू करून घेतलं नाही. विषय जुळत नाही, आरक्षणाचं रोस्टर जुळत नाही, आमची जागाच वादात आहे, अशी कारणं दिली गेली. खरं कारण एवढंच की तो माणूस संस्थेने निवडलेला नव्हता.

मग २ मे २०१२चा शासन निर्णय आला. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन पूर्ण होईपर्यंत नवी भरती बंद. समायोजन तर पूर्ण होईना. संस्थांनी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रं लिहिली: यादी द्या, नाहीतर आम्हाला जागा भरू द्या. उत्तर येईना. संस्थांनी जाहिरात देऊन माणसं नेमली, शिक्षणाधिकाऱ्यांनी बंदीवर बोट ठेवून त्या नेमणुकांना वैयक्तिक मान्यता नाकारली आणि शिक्षक बिनपगारी शिकवत राहिले. या काळातले मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल ओळीने वाचावेत असे आहेत. अतिरिक्त उमेदवार पाठवायचाही नाही आणि बंदीचं कारण सांगून मान्यताही द्यायची नाही, हे चालणार नाही, असं न्यायालयाने पुन्हा पुन्हा बजावलं. प्रत्येक निकालामागे बिनपगारी गेलेली काही वर्षं आहेत.

दरम्यान २०१३ला शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सुरू झाली. भरतीच बंद, त्यामुळे ज्या डी.एड.साठी एकेकाळी उड्या पडत, तिथल्या जागा रिकाम्या राहू लागल्या. पुढे २०१९-२० सालच्या टीईटीत गैरप्रकार उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

शिक्षकभरतीसाठी शासनाचं ‘पवित्र’ पोर्टल २०१७ला आलं. मी त्याच्या बाजूचा आहे. अभियोग्यता परीक्षेच्या गुणांवर शिक्षक निवडला जावा, हा विचार देणगीच्या मुळावर घाव घालणारा होता. संस्थाचालक न्यायालयात गेले. नेमणुकीचा अधिकार आमचा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी खाजगी संस्थांना मुलाखतीसह निवडीचा मार्ग मिळाला. पण पोर्टलचा खरा घात दिरंगाईने केला. पहिली अभियोग्यता परीक्षा डिसेंबर २०१७मध्ये झाली, दुसरी थेट २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर कितीतरी उमेदवारांची वयोमर्यादा संपून गेली. दुसऱ्या परीक्षेला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि २०२४च्या सुरुवातीला जाहिरात निघाली २१,६७८ पदांची.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. ही योजना २००० सालची. प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला ५,००० रुपये मानधन. ते २०१२ला अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० झालं आणि मग जानेवारी २०२३पर्यंत हललं नाही. आता ते १६,०००, १८,००० आणि २०,००० आहे. जुलै २०२३मध्ये शासनाने भरती होईपर्यंत सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर नेमायचं ठरवलं. म्हणजे पेन्शन घेणाऱ्याला २०,००० आणि त्याच वर्गात पंचविशीतल्या नव्या शिक्षकाला १६,०००. हे मला अन्यायाचं वाटतं.

विनाअनुदानित शाळांत तर मानधनाचा आकडाही कुणी छापत नाही. सर्वसाधारण समज असा की तिथे संस्था देईल तो पगार. कायदा तसं म्हणत नाही. त्याच १९७७च्या अधिनियमातलं कलम ४ खाजगी शाळेतली वेतनश्रेणी नियमापेक्षा कमी असेल तर ती वाढवण्याचा निर्देश देण्याचा अधिकार शिक्षण संचालकाला देतं. अनुदान नाही ही सबब त्यात नाही. हे कलम शिक्षकांनाच ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते नोकरी जाईल म्हणून बोलत नाहीत.

आणि आता १ सप्टेंबर २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पंधरावीस वर्षं वर्गावर असलेली माणसं पुन्हा पुस्तकं उघडून बसली आहेत. गुणवत्तेचा आग्रह मला मान्य आहे. पण हाच आग्रह पट, पद आणि पगार यांच्या बाबतीत तीस वर्षं कुणी धरला नाही.

वाचकांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या शाळेचे पालक, माजी विद्यार्थी किंवा संस्थेचे सभासद असतील. पुढच्या पालकसभेत एकच गोष्ट विचारा: आपल्या शाळेतल्या किती शिक्षकांकडे लेखी नियुक्ती आदेश आहे, आणि त्यांचा पगार बँकेत किती जमा होतो? उत्तर लेखी मागा.