पोरांच्या हाती नवं पुस्तक

मी कारध्याहून बोलते आहे. बचत गटाची सहयोगिनी म्हणून एरवी मी कर्ज, हप्ते, व्याज यावरच बोलते. आज मात्र बोलणार आहे आपल्या पोरांच्या पुस्तकांवर. चौथी ते सातवीतल्या, म्हणजे नऊ ते बारा वर्षांच्या पोरांच्या.

हेच वय का? चौथीपर्यंत पोरं वाचायला शिकतात. पाचवीपासून विज्ञान, इतिहास, गणितातली उदाहरणं, सगळं वाचूनच समजून घ्यावं लागतं. ज्याला वाचायची सवय नाही ते इथंच मागं पडतं. मग आपण म्हणतो, "याचं डोकंच चालत नाही." डोकं चालतं बायांनो, सराव नसतो. अन् सराव व्हायचा तर गोडी लागली पाहिजे. ती गोष्टीच्या पुस्तकानं लागते.

पहिली चूक माझीच झाली. लेक पाचवीत गेला तेव्हा मी त्याला 'श्यामची आई' दिलं. मला आवडलेलं, म्हणून. पुस्तक 1935 सालचं. चार पानं वाचून त्यानं ते उशाखाली ठेवलं. मी रागावले. नंतर कळलं, ते पुस्तक मी त्याला जवळ बसवून वाचून दाखवायला हवं होतं. त्यानं एकट्यानं वाचायला आजच्या बोलीतलं, आजच्या पोरांचं पुस्तक हवं.

असं नवं पुस्तक ओळखायचं कसं? एक सोपी वाट आहे. साहित्य अकादमी 2010 पासून दरवर्षी बालसाहित्य पुरस्कार देते, मराठीलाही. त्यातली तीन पुस्तकं सांगते.

ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या कादंबरीला 2017 साली पुरस्कार मिळाला. धरणात जाणाऱ्या गावाची ही गोष्ट मुलाच्या नजरेतून सांगितली आहे. गोसीखुर्द धरणानं आपल्या वैनगंगेकाठची गावं उठली. ज्यांचं माहेर पाण्याखाली गेलं, त्यांनी हे पुस्तक लेकरांसोबत बसून वाचावं. सहावी-सातवीच्या पोरांना चांगलं.

दुसरं, सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', 2019 चं पुरस्कारप्राप्त. लेखक स्वतः वनखात्यात नोकरी करणारे. कोका अन् नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्या पोरांना ते परकं वाटणार नाही.

तिसरं, संगीता बर्वे यांचं 'पियूची वही', 2022 चं. एका शाळकरी मुलीची रोजनिशीच म्हणा ना. ते वाचून तुमच्या पोरीनंही वही लिहायला घेतली, तर ती उघडून पाहू नका. तिची आहे ती.

पुस्तकाला पैसे नसतील तर 'किशोर' मासिक आहे. बालभारती ते 1971 पासून काढते. जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. घरात मोबाईल आहेच, तर अर्धा तास त्यासाठी द्या.

पुस्तक घेताना एक पान पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. पाचपेक्षा जास्त शब्दांना अडलं तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा, थोडं सोपं घ्या. तो लहान वर्गाचं वाचतो म्हणून हिणवू नका. वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका. "पुढं काय झालं?" एवढंच विचारा.

आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "मले तं वाचताच येत नाही, मी काय करू जी?" मी म्हटलं, तुमचं काम सगळ्यात मोठं. तुम्ही ऐका. आता भाजी निवडता निवडता ती ऐकते अन् पोरगी वाचते. मधेच थांबली की मायच म्हणते, "वाच ना, पुढं काय झालं?"

आम्ही गटात दहा जणी. दर महिन्याला बचतीशिवाय दहा-दहा रुपये वेगळे काढतो. महिन्याचे शंभर, वर्षाचे बाराशे. पुस्तक गटाचं, पण वाचतात दहाही घरची पोरं. कर्जाच्या वहीसारखीच पुस्तकांची वही ठेवली आहे. कोणी नेलं, कधी परत आणलं, त्याची नोंद होते. पान फाटलं तर डिंकानं चिकटवतो, दंड घेत नाही. दंड लावला की माय पुस्तक कपाटात बंद करून ठेवते.

पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशोब झाला की हा एक विषय घ्या. एका पुस्तकापासून सुरुवात करा. अन् पहिलं कोणतं आणायचं, ते पोरांनाच ठरवू द्या.