कासोटा, कनवट आणि खिसा
नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीच्या लुगड्याचा कासोटा पायांमधून मागे नेऊन खोचला जात असल्यामुळे भातलावणी करणाऱ्या किंवा मासळीची पाटी वाहणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या धोतराइतकीच मोकळी हालचाल करता येई, आणि कनवटीला, म्हणजे कमरेशी खोचलेल्या लुगड्याच्या गुंडाळीत, तिचे पैसे सुरक्षित राहत. विसाव्या शतकात शहरांत सहावारी गोल साडी रूढ झाली, तिने पावलांची ढांग आखडली. पुरुषाने मात्र धोतर सोडून खिसेवाली पँट स्वीकारली आणि त्याची सोय वाढतच गेली. पंजाबी ड्रेसला आजही अनेकदा खिसा नसतो, जीन्सला असला तरी त्यात मोबाइल पुरता मावत नाही, कारण सोयीपेक्षा सडपातळ दिसण्याला महत्त्व दिले जाते; हा स्त्रियांवर उघड अन्याय आहे.